आम्लाने शिल्लक ठेवलेले थर
१/ आम्ल म्हणजे विध्वंस, अशी आपली समजूत. पेरोव्हस्काइट ऑक्साइडांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

२/ १९४९ मध्ये स्वीडनचे बेंग्ट ऑरिव्हिलियस यांनी पेरोव्हस्काइटचे थर आणि बिस्मथ ऑक्साइडचे पदर आलटूनपालटून रचलेली स्फटिके वर्णिली.

३/ १९८०च्या दशकात फ्रान्स, अमेरिका आणि बंगळुरू येथील संशोधकांनी निराळे स्तरित ऑक्साइड घडवले. त्यांच्या थरांमध्ये पोटॅशियमसारखे आयन सैल बसलेले असतात. आम्लात ते निघून जातात, प्रोटॉन त्यांची जागा घेतात.

४/ १९९९ मध्ये टोकियोच्या वासेदा विद्यापीठात ऑरिव्हिलियसच्या स्फटिकांतील बिस्मथचा अख्खा पदरच आम्लाने विरघळवला गेला. आम्लाला दाद न देणारे थर टिकले, प्रोटॉनधारी झाले.

५/ आज अशाच थरांपासून अब्जांश मीटर जाडीचे पापुद्रे सुटे करतात. विध्वंसकाची निवडकता ओळखणे, हेच खरे संशोधन ठरले.