उसावरील पाकोळी : पिल्लांची ओळख

पावसाळ्यात बांधावरच्या गवतावर थुंकीसारखा फेस दिसतो. तो बाजूला सारला की आत एक मऊ, फिकट किडा सापडतो. हे फेसकिड्याचे पिल्लू. ते झाडातील पाणी वाहणाऱ्या नलिकांतून रस ओढते आणि शरीराबाहेर टाकलेल्या द्रवात हवा मिसळून आपल्याभोवती फेस उभा करते. उसाच्या पानामागे मात्र फेस नसतो. तेथे सापडणाऱ्या पिल्लाच्या मागच्या टोकाला दोन लांब, पांढऱ्या, मेणचट शेपट्या असतात. ही पाकोळी, म्हणजेच पायरिला परपुसिला. वॉकर यांनी १८५१ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले.

ऊस हे तिचे मुख्य अन्न असले तरी ज्वारी, मका, गहू आणि रानगवतावरही ती जगते. त्यामुळे सांगे-धारबांदोड्याच्या ऊसवाल्याइतकेच इंदूरहून उज्जैनकडे जाणाऱ्या वाटेवरील सांवेरच्या गहू-मक्याच्या शेतकऱ्यानेही तिला ओळखणे इष्ट होय.

मादी पानाच्या खालच्या बाजूस, मध्यशिरेलगत पुंजक्याने अंडी घालते आणि त्यांवर पांढऱ्या मेणाचे तंतू पसरते. येथेच पहिली फसगत होते. २००२ साली सांगली जिल्ह्यात लोकरी मावा उसावर उसळला, तेव्हापासून पानामागचे प्रत्येक पांढरे दिसणे म्हणजे मावा, असा समज रूढ झाला. मावा पानभर कापसासारखा पसरतो आणि त्याखाली जिवंत किड्यांची दाटी असते. पाकोळीचा पुंजका आटोपशीर असतो. मेण पुसल्यावर खाली अंड्यांच्या ओळी दिसतात.

अंड्यातून बाहेर पडल्यावर पिल्लू पाच अवस्थांतून जाते आणि दर वेळी कात टाकते. पहिल्या दोन अवस्थांत ते अगदी लहान, दुधाळ-फिकट असते. शेपट्या असतात, पण पंखांचा मागमूस नसतो. साधारणतः तिसऱ्या अवस्थेपासून खांद्यांमागे पंखांच्या कळ्या जाणवतात. चौथीत त्या स्पष्ट होतात, तर पाचवीत पुढची कळी मागच्या कळीला जवळजवळ झाकते. रंगावर विसंबू नये. कळ्या पाहाव्यात, आणि त्यासाठी साधे भिंग पुरते. प्रौढ पाकोळी गवती रंगाची असून तिचे डोके चोचीसारखे पुढे निघालेले असते. तिला शेपट्या नसतात.

पिल्ले व प्रौढ दोन्ही पानातील अन्नरस शोषतात. तो साखरयुक्त असल्याने त्यांच्या शरीरातून गोड चिकटा पाझरतो, खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. फेसकिड्याचा द्रव पातळ, जवळजवळ पाण्यासारखाच असतो; त्यातून अशी काजळी धरत नाही. पाने काळी पडली असतील, तर फेस शोधण्यात वेळ दवडू नये.

अवस्था ओळखण्याला व्यावहारिक महत्त्व आहे. एपिरिकेनिया मेलॅनोल्यूका नावाचा लहानसा पतंग पाकोळीचा परोपजीवी शत्रू आहे. त्याची अळी पिल्लाच्या किंवा प्रौढाच्या अंगाला चिकटून वाढते आणि पुढे पानावर पांढरा, लंबगोल कोश विणते. हा कोश अनेकांना किडीचीच अंडी वाटतो आणि फवारणीत मित्रच मारला जातो. पाठीवर पांढरा मांसल गोळा घेऊन मंदपणे हालणारी पाकोळी दिसली, तर ते शेत आधीच सावरू लागले आहे, असे समजावे.

एका पानावर तीन ते पाच पाकोळ्या, हा इशाऱ्याचा टप्पा मानला जातो. मोजणीत मोठी पिल्ले आणि प्रौढ अधिक, पण कोश विरळ असतील, तर इतर शेतांतील कोश असलेली पाने तोडून आणून उसात बांधावीत. कोश पुष्कळ असतील, तर काहीही फवारू नये. नत्राची मात्रा वाढवून ऊस गच्च व कोवळा ठेवणाऱ्यांच्या शेतात ही कीड पुन्हा पुन्हा येते, हेही ध्यानात असावे. पाहणी सकाळी करावी. दुपारच्या उन्हात पान हलताच पाकोळ्या टणाटण उड्या मारून पसार होतात आणि मोजणी हमखास कमी येते.