पगार देणाऱ्याचा धर्म

गेल्या ईदला आमची भाची माहेरी, जानेफळला आली होती. जावई पुण्याकडच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. दोन लेकरं, धाकटं आठ महिन्यांचं. शीरखुर्मा झाला, पाहुणे पांगले, तशी तिने पिशवीतून एक छापील पुस्तिका काढली आणि आमच्यासमोर ठेवली. कंपनीने कामगारांच्या कुटुंबांसाठी घेतलेल्या आरोग्य विम्याची ती पुस्तिका होती. म्हणाली, "मामू, यात तांबीचा खर्च मिळतो का, तेवढं बघून द्या."

आम्ही चष्मा लावला. अक्षर मुंगीएवढं आणि भाषा इंग्रजी. हृदयाचं ऑपरेशन मिळतं, मोतीबिंदू मिळतो, साप चावला तर मिळतं. मग 'काय मिळणार नाही' ही यादी लागली. तिच्यात सतराव्या क्रमांकाला लिहिलेलं होतं, कोणत्याही प्रकारचं गर्भनिरोधन आणि नसबंदी यांचा खर्च मिळणार नाही. आम्ही तिला सांगितलं. ती नाराज झाली नाही, पण तिने जे विचारलं ते आमच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. "का हो मामू? मालकाच्या मजहबात बसत नाही काय?"

आम्ही हसलो. मालकाचा मजहब इथे मध्ये आलेलाच नव्हता. विमा नियामकाने २०१९ मध्ये साऱ्या कंपन्यांसाठी वगळणुकीची भाषा एकसारखी करून दिली, तिच्यातलं हे सतरावं कलम. त्यामागे देव नाही, हिशेब आहे. विमा अकस्मात संकटाचा असतो, आणि पाळणा लांबवणं हे काही संकट नव्हे, असा तो हिशेब. बाळंतपण हे संकट की नाही, हे त्या यादी करणाऱ्यांनी आमच्या भाचीला विचारायला हवं होतं, पण तो विषय वेगळा.

हसून झाल्यावर मात्र लक्षात आलं की पोरीचा प्रश्न अडाणी नाही. पगार देणाऱ्याने आपला धर्म कामावरच्या माणसाच्या शेजघरापर्यंत नेल्याची उदाहरणं आहेत, आणि त्यातलं एक तर आपल्या मराठीतलंच आहे. त्याला आता शंभर वर्षं झाली.

रघुनाथ धोंडो कर्वे हे नाव आपल्या वाचकांना नवं नाही. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा २००१ चा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव, जन्म १८८२ चा. वडिलांनी विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं. मुलगा एक पाऊल पुढे गेला, आणि त्या एका पावलाची किंमत वडिलांच्या साऱ्या कामापेक्षा महाग पडली असं आम्हाला वाटतं. वडिलांना समाजाने शेवटी 'महर्षी' म्हटलं, भारतरत्न दिलं. मुलाला कोणी काही दिलं नाही.

रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक होते, गणित शिकायला पॅरिसपर्यंत जाऊन आलेले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनला मेरी स्टोप्सबाईंचं केंद्र निघालं तेही १९२१ मध्येच. म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. १९२३ मध्ये त्यांचं संततिनियमनावरचं पुस्तक आलं. हे सगळं चालू असताना ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवत होते.

विल्सन कॉलेज हे स्कॉटिश मिशनऱ्यांचं. रेव्हरंड जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये लावलेल्या रोपाचं ते झाड. मुंबईच्या शिक्षणावर या कॉलेजचे उपकार मोठे आहेत, ते नाकारण्याचं कारण नाही. पण आपला एक प्राध्यापक गर्भ राहू न देण्याची साधनं लोकांना सांगतो, ही गोष्ट मिशनच्या धर्मात बसेना. चालकांनी कर्व्यांपुढे सरळ निवड ठेवली, एक तर हे काम सोडा, नाहीतर नोकरी. त्यांनी नोकरी सोडली. ही गोष्ट १९२५ च्या सुमाराची.

इथे थोडं थांबून पाहिलं पाहिजे. कर्वे वर्गात गणितच शिकवत होते. केंद्र कॉलेजच्या आवारात नव्हतं, त्याला कॉलेजचा पैसा लागत नव्हता. मिशनने त्यांच्याकडून घेतलं होतं ते गणित. मग मिशनचा हक्क कुठपर्यंत पोहोचतो? बीजगणिताच्या तासापर्यंत, की संध्याकाळी घरी गेल्यावर माणूस काय बोलतो तिथपर्यंत? चालक दुष्ट नव्हते, असं आम्ही धरून चालतो. आपल्या पैशाने पापाला हातभार लागू नये, एवढंच त्यांना वाटलं असेल. पण त्यांच्या मनाच्या शांतीचा खर्च भरला तो कर्व्यांनी, वयाच्या चाळिशीनंतर, आणि तोही कायमचा.

पुढचा इतिहास माहीत आहे. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झालं आणि कर्वे ऑक्टोबर १९५३ मध्ये वारले तोपर्यंत पदरमोड करून चाललं. पत्नी मालतीबाई केंद्राच्या कामात बरोबरीने होत्या. या जोडप्याने स्वतःला मूल होऊ दिलं नाही. सनातन्यांनी अश्लीलतेचे खटले भरले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, तो बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून. तोही फेटाळला गेला. आणि आमच्या वऱ्हाडाच्या शेजारी, वर्ध्याला, डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगरबाई गांधीजींना भेटून गेल्या. गांधीजी संयमावर अडून राहिले, बाई साधनांवर.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. कर्व्यांची नोकरी गेली तेव्हा ख्रिस्ती जगात जवळजवळ साऱ्याच पंथांचा या साधनांना विरोध होता. पुढे पाच वर्षांत, १९३० मध्ये, इंग्लंडच्या चर्चच्या बिशपांनी लँबेथच्या परिषदेत काही अटींवर दार किलकिलं केलं. त्याच वर्षाच्या अखेरीला रोमच्या पोपने आपलं दार आणखी घट्ट लावलं, आणि १९६८ मध्ये पुन्हा कुलूप घातलं. म्हणजे धर्म तोच, ग्रंथ तोच, आणि उत्तरं दोन. नोकरी मात्र एकदाच गेली.

आता अमेरिका. तिथे सरकारी दवाखान्याचा आधार आपल्यासारखा नाही, बहुतेकांचा औषधपाण्याचा विमा नोकरीतूनच येतो. २०१० मध्ये ओबामांच्या काळात कायदा झाला आणि त्याखालच्या नियमांनी ठरवलं की नोकरीतल्या विम्यात स्त्रियांना गर्भनिरोधनाची साधनं वेगळे पैसे न घेता मिळावीत. हॉबी लॉबी नावाच्या, कलाकुसरीचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानसाखळीचे मालक न्यायालयात गेले. ते श्रद्धाळू ख्रिस्ती. वीसपैकी चार साधनांना त्यांची हरकत होती, कारण ती गर्भ धरल्यानंतर काम करतात अशी त्यांची श्रद्धा. त्या चारांत तांबीही होती. ३० जून २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मालकांच्या बाजूने निकाल दिला. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांनी एक साधा हिशेब दाखवला. तांबी बसवायचा खर्च किमान वेतनावर राबणाऱ्या बाईच्या जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढा होतो. पुढे कॅथॉलिक जोगिणींच्या एका संस्थेचं प्रकरण आलं, २०२० मध्ये न्यायालयाने आणखी सवलतीचा रस्ता मोकळा केला, आणि वाद त्यानंतरही कोर्टाच्या पायऱ्या चढतच राहिला.

हे वाचून आमच्यातल्या काहींना बरं वाटेल, की पाहा, हे ख्रिस्त्यांचं भांडण, आपलं नाही. तसं बरं वाटून घेऊ नये.

आमच्या फिक्हच्या ग्रंथांत 'अज्ल'ची चर्चा जुनी आहे. गर्भ राहू नये म्हणून नवऱ्याने वेळीच बाजूला होणं, एवढाच त्याचा अर्थ. पैगंबरसाहेबांच्या हयातीत, कुरआन उतरत असताना सहाबा हे करत होते, अशी हजरत जाबिर यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. इमाम गझालींनी, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकात, बायकोची तब्येत आणि जादा लेकरांमुळे येणारी ओढाताण ही कारणं मान्य केली. १९३७ मध्ये इजिप्तच्या मुफ्तींनी नव्या साधनांनाही परवानगी दिली. याच्या उलट मौलाना मौदूदींनी उर्दूत अख्खं पुस्तक विरोधात लिहिलं, आणि आमच्या गावोगावच्या कपाटांत गझालींपेक्षा तेच लवकर सापडतं.

पण आम्हाला जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती परवानगीची नाही, परवानगी कोणाची ही आहे. बहुतेक फकीहांनी एक अट घातली. अज्ल करायचा तर बायकोची संमती हवी. कारण मूल होण्या-न होण्यात तिचाही हक्क आहे. तेराशे वर्षांपूर्वीच्या अरबस्तानात हा विचार झाला. त्या साऱ्या चर्चेत नवरा आहे, बायको आहे. जो मजुरी देतो त्याची संमती घ्यावी, असं कोणी लिहिल्याचं आमच्या वाचनात नाही.

आणि तरीही, सांगायला शरम वाटते, आम्ही स्वतः त्या मजुरी देणाऱ्याच्या खुर्चीवर बसलेलो आहोत. बरीच वर्षं झाली. आपल्याच लोकांच्या एका शिक्षण संस्थेच्या कार्यकारिणीत आम्ही होतो. एका शिक्षिकेने ऑपरेशनसाठी पंधरा दिवसांची रजा मागितली. चौथं बाळंतपण झालेलं, डॉक्टरांनी बजावलेलं. अर्ज वाचला गेला तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, हे काम आपल्या दीनात जायज नाही, संस्थेने त्याला पगार देणं म्हणजे गुनाहमध्ये सामील होणं. कोणी वाद घातला नाही. रजा मंजूर झाली, बिनपगारी. आम्ही सही केली. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात १९९५ मध्ये दुरुस्ती होऊन अशा ऑपरेशनला दोन आठवड्यांची भरपगारी रजा आलेली होती. ती त्या शाळेला कशी लागू होते, हे पाहण्याची तसदी आम्ही घेतली नाही. त्या बाईंनीही काही विचारलं नाही. त्यांनी फक्त 'शुक्रिया' म्हटलं, ते आम्हाला अजून ऐकू येतं. त्यांच्या नवऱ्याला रोजंदारी होती. पंधरा दिवसांचा पगार म्हणजे त्या घरात किती, हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं.

विल्सन कॉलेजच्या चालकांना आज नावं ठेवताना म्हणून आमची जीभ जड होते.

उलट बाजूही आहे, आणि ती मुसलमान वस्त्यांनी चांगली पाहिली आहे. आणीबाणीत सरकार हाच मोठा मालक होता. मास्तरांना, तलाठ्यांना नसबंदीच्या 'केसेस' आणायचे आकडे दिलेले होते. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं, देशात असं करणारं पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात आलं नाही. वडीलधाऱ्यांच्या मनात कुटुंबनियोजन या शब्दाचीच जी भीती बसली, ती त्या दोन वर्षांची कमाई. आमच्या बैठकीतल्या बुजुर्गांच्या बोलण्यातही ती भीती होती, हे आता कळतं. २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनी महाराष्ट्र शासनाच्या नोकरीसाठी दोन मुलांची अट आली. मालक एका टोकाला 'करू नका' म्हणतो, दुसऱ्या टोकाला 'केलंच पाहिजे'. बाई दोन्हीकडे अर्जदारच.

याच्या मधल्या जागेत काही बऱ्या गोष्टीही घडल्या. कामगार विमा योजनेत नसबंदीसाठी पुरुषाला सात आणि स्त्रीला चौदा दिवस पूर्ण पगाराइतका भत्ता ठेवला गेला. २०११ पासून आशाताई घरोघर साधनं पोचवू लागल्या, गोळ्यांचं पाकीट एक रुपयात. तिथे कोणी मजहब विचारत नाही.

भाचीने सतरावं कलम ऐकून घेतलं आणि पुस्तिका मिटली. बाळाच्या लसीची तारीख आलीच होती. त्या दिवशी नवऱ्याला सोबत घेऊन ती सरकारी दवाखान्यात गेली आणि दोन्ही कामं करून आली. पैसे लागले नाहीत. आमच्या बहिणीने थोडी कुरकुर केली, मग तिनेच बाळाला मांडीवर घेतलं. पुण्याला परत जाताना भाचीने ती पुस्तिका आमच्याकडून आठवणीने मागून घेतली. सासूच्या मोतीबिंदूचा खर्च तिच्यात बसतो.