पुस्तक आले, गुरुजींचे काय?



ऊन, वारा आणि शेण यांपासून मिळणारी शक्ती मुलांना शिकवावी, असे आज सगळेच म्हणतात. पण ती शिकवणाऱ्या गुरुजींना कोणी शिकवायचे? हा प्रश्न जुना आहे. त्याचे मूळ वर्ध्यात सापडते.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली. हाताच्या उद्योगातून आणि गावाच्या परिसरातून मुलाने शिकावे, ही मूळ कल्पना. सारी मदार शिक्षकावर, हे समितीने ओळखले. म्हणून शिक्षकांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम तिने सुचवला. निकड भागवायला एक वर्षाचा. १९३८ साली हिंदुस्थानी तालीमी संघ निघाला. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् यांच्या हाताखाली शिक्षक तयार होऊ लागले. सूत, शेती, सफाई, स्वयंपाक, सगळे स्वतः करायचे आणि मग शिकवायचे.

वर्ध्यातच मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा काम करीत होते. दगडी कोळसा आणि खनिज तेल हा साठा आहे, तो उपसला की संपला; सूर्य, वारा, वाहते पाणी ही पुन्हापुन्हा मिळणारी शक्ती आहे, हा भेद त्यांनी १९४५ च्या सुमारास ग्रंथात मांडला. आपल्या भाषेत सांगायचे तर एक कणगीतले धान्य, दुसरे दरसाल पिकणारे शेत. कणगी खाऊन किती दिवस काढणार? मगनवाडीत रॉकेलऐवजी गोडेतेलावर जळणारा ‘मगनदीप’ही तयार झाला होता.

गेवराई तेव्हा निजामाच्या राज्यात. १९४८ साली हैदराबाद मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. पण तोवर इतरत्रही उद्योगाचे शिक्षण मागे पडू लागले होते. परीक्षा आणि नोकरी यांची ओढ जबर ठरली. पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले, आणि २००३ मध्ये पुन्हा बजावले. विषय आला, पुस्तक आले. गुरुजींचा हात मात्र कोराच राहिला.

म्हणून प्रशिक्षण हाताने करण्याचे असावे. गोबर गॅसचेच बघा. गोवरी चुलीत घातली की शेणातले नत्र धुरावाटे जाते. तेच शेण बंद टाकीत कुजवले तर जळायला वायू मिळतो, आणि उरलेला काला नत्रासकट शेतात जातो. हे फळ्यावर सांगून पटत नाही. शिक्षकाने स्वतः शेण कालवावे, शेगडी पेटवावी, मग वर्गात बोलावे. दोन डबे घ्या, एक काळा रंगवा, एक पांढरा. पाणी भरून दुपारी उन्हात ठेवा. कोणते जास्त तापले, ते पोरेच सांगतील.

आपल्या तालुक्यात आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळी झाली की कितीतरी घरे ऊसतोडीला जातात आणि मुलेही फडावर जातात. असा पाठ वहीत अडकत नाही. ऊन तिथेही आहे, चूल तिथेही आहे. पोर जे हाताने शिकले, ते कोपीवरही त्याच्याबरोबर राहते.

तेव्हा गुरुजनहो, पुढच्या प्रशिक्षणाला जाल तेव्हा वही-पेन्सिलीबरोबर एक मागणीही न्या : आम्हांला करून दाखवा, आणि आमच्याकडून करून घ्या. वर्ध्याने १९३७ सालीच हे सांगून ठेवले आहे.