वऱ्हाड आणि आरंभीच्या भावगीत-ध्वनिमुद्रिका

अकोला, अमरावती, बुलढाणा व यवतमाळ हे जुन्या वऱ्हाड प्रांताचे चार जिल्हे. (वाशिम हा जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला.) ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय मुंबई-कलकत्त्यात केंद्रित असल्यामुळे मराठी ध्वनिमुद्रिकांच्या इतिहासात या प्रदेशाचा विचार सहसा होत नाही. तथापि मराठी भावगीताची पहिली प्रभावी ध्वनिमुद्रिका वऱ्हाडातील कवीच्या शब्दांतून व विदर्भातच वाढलेल्या गायकाच्या कंठातून निर्माण झाली. या मुद्रिकेने कवितेला ग्रंथापूर्वीच श्रोता मिळवून दिला, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी : भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्त्यात एफ. डब्ल्यू. गेसबर्ग यांच्या दौऱ्याने प्रारंभ झाला. प्रथम येथे ध्वनिमुद्रित केलेल्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून येत; १९०८ च्या सुमारास कलकत्त्यात सियालदा येथे कारखाना निघाल्यावर ही अडचण दूर झाली. लाखेच्या मिश्रणापासून बनविलेली, मिनिटास ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच वाजे. एवढ्या अवधीत रागाचा विस्तार करणे अशक्य असल्याने गायकास आलाप-ताना आवरून चीज उरकावी लागे. १९२५ नंतर विद्युत् ध्वनिमुद्रणाची पद्धत रूढ होऊ लागली. पूर्वी कर्ण्यात मोठ्याने गावे लागे. आता ध्वनिक्षेपकासमोर हलक्या, मृदू आवाजात गाणे शक्य झाले. भावगीताच्या दृष्टीने हा बदल निर्णायक ठरला.

या काळातील मराठी मुद्रिकांवर नाट्यसंगीताचे वर्चस्व होते व त्यातही वऱ्हाडचा वाटा होता. अमरावतीचे वीर वामनराव जोशी (१८८१–१९५६) यांचे रणदुंदुभी हे नाटक बळवंत संगीत मंडळीने १९२७ मध्ये रंगभूमीवर आणले आणि त्यातील दीनानाथ मंगेशकरांची पदे ध्वनिमुद्रिकांद्वारे सर्वत्र पोहोचली. मात्र नाट्यपदाची मुद्रिका ही मुळात रंगभूमीवर गाजलेल्या गाण्याची आठवण असे. श्रोत्याने ते पद नाटकात ऐकलेले असे किंवा निदान त्याची कीर्ती त्याच्या कानी आलेली असे.

‘शीळ’ ची मुद्रिका : मेहकर (जि. बुलढाणा) येथे वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता मात्र अशा कोणत्याही आधाराविना श्रोत्यांपुढे आली. तिला ना नाटकाचा प्रसंग होता, ना ख्यातनाम नटाचे नाव. ती जी. एन. जोशी (१९०९–९४) यांनी गायिली. जोशी हे कायद्याचे पदवीधर. नाटकमंडळीत अथवा घराण्यात वाढलेले ते गायक नव्हते. १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ ने त्यांच्या आवाजात ही कविता मुद्रित केली. मराठी भावगीतांच्या ध्वनिमुद्रिकांची परंपरा सामान्यतः या मुद्रिकेपासून मोजली जाते.

तीन मिनिटांची मर्यादा ख्यालगायनास जाचक होती. भावकवितेला मात्र ती मानवली. एक भाव, मोजकी कडवी आणि पुन:पुन्हा येणारे ध्रुपद यांना तबकडीची एक बाजू पुरेशी होती. जोशी यांनी पुढे गंगूबाई हनगळ यांच्याबरोबर युगुलगीतेही मुद्रित केली. त्या काळच्या मुद्रिकांवर गंगूबाईंचे नाव ‘गांधारी हनगळ’ असे आढळते.

प्रसार : नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी वऱ्हाडातील श्रोत्यास फिरत्या नाटकमंडळ्या, १९३२ पासून मराठी बोलपट आणि ग्रामोफोन हीच संगीताची साधने होती. मुंबई–नागपूर लोहमार्गावरील अकोला आणि बडनेऱ्याहून फाट्याने जोडलेली अमरावती या कापसाच्या बाजारपेठा बाहेरच्या मालाशी परिचित होत्या. मेहकर मात्र लोहमार्गापासून दूर होते. अशा गावी राहून लिहिलेली कविता मुद्रिकेच्या रूपाने महाराष्ट्रभर गेली. देशपांडे यांचा शीळ हा पहिला संग्रह १९५४ मध्ये, म्हणजे मुद्रिकेनंतर सुमारे वीस वर्षांनी प्रसिद्ध झाला. त्यांच्या खूणगाठी या संग्रहास १९८६ चे साहित्य अकादेमी पारितोषिक मिळाले. मराठी मनात त्यांची पहिली ओळख मात्र कानांनीच करून दिली.

याच सुमारास मोठ्या कंपन्यांबाहेरही प्रयत्न झाले. १९३५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने ‘यंग इंडिया’ या मुद्रेखाली अप्रसिद्ध व हौशी कलावंतांनाही वाव दिला. ही कंपनी सुमारे दोन दशके टिकली.

उत्तरकाळ : जोशी १९३८ मध्ये ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ मध्ये ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. दीर्घवादी तबकडीने तीन मिनिटांचे बंधन दूर केल्यावर त्यांच्याच देखरेखीखाली कॉल ऑफ द व्हॅली (१९६७) ही केवळ वाद्यसंगीताची मुद्रिका तयार झाली. शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) व ब्रिजभूषण काबरा (गिटार) यांनी तीत काश्मीरमधील मेंढपाळाचा एक दिवस रागांच्या क्रमाने रंगविला असून ती पाश्चात्त्य देशांतही लोकप्रिय झाली. काव्याच्या बाजूने वऱ्हाडची परंपरा अमरावतीस जन्मलेले सुरेश भट (१९३२–२००३) यांनी पुढे नेली. त्यांच्या रचनाही गायनाच्या व मुद्रिकांच्या द्वारा घरोघर पोहोचल्या.

महत्त्व व जतन : लाखेच्या तबकड्या ठिसूळ असून पोलादी सुईने झिजतात. छापील पुस्तकाप्रमाणे त्यांचा संग्रह ग्रंथालयांनी नियमाने केला नाही. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सारख्या संस्थांनी व खाजगी संग्राहकांनी हे कार्य अंगावर घेतले. जी कविता प्रथम ऐकली गेली व नंतर वाचली गेली, तिची मूळ प्रत तबकडी हीच होय. ती फुटली, तर वाङ्मयेतिहासातील एक पानच नाहीसे होते.