प्रलयकथा आणि प्रलयानंतरचा माणूस

शतपथ ब्राह्मणाच्या पहिल्या कांडात इडेचा विधी सांगितला जात असताना मध्येच एक लहानशी कथा येते. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूच्या हाती एक चिमुकला मासा लागतो. मोठे मासे लहानांना गिळतात, म्हणून मोठा होईपर्यंत सांभाळ कर, पुढे येणाऱ्या महापुरातून मी तुला तारीन, असे तो सांगतो. मनू त्याला आधी घागरीत, मग खड्ड्यात आणि अखेर समुद्रात सोडतो. ठरल्या वर्षी पूर येतो. माशाच्या शिंगाला नावेचा दोर बांधला जातो आणि नाव उत्तरेच्या पर्वताला लागते. पाणी उतरेल तसतसा मनूही हळूहळू खाली उतरतो. बाकी सारी प्रजा वाहून गेलेली असते. एकटा उरलेला मनू पाण्यात तूप, दही, निवळी आणि आमिक्षा यांची आहुती देतो आणि वर्षभराने त्यातून एक स्त्री उभी राहते. ती मनूची कन्या इडा. तिच्यासह यज्ञ करीत मनूने ही मानवप्रजा निर्माण केली, असे ब्राह्मणकार सांगतो आणि पुन्हा विधीच्या तपशिलाकडे वळतो.

या कथेत काय नाही, हे आधी पाहिले पाहिजे. पूर का आला, याचे कारण तिच्यात नाही. माणसांच्या पापाचा उल्लेख नाही. मासा हा कोणा देवाचा अवतार आहे, असेही ती म्हणत नाही. महाभारताच्या वनपर्वात तो मासा आपण ब्रह्मा असल्याचे सांगतो आणि नावेत सप्तर्षी व सर्व प्रकारची बीजे येतात. मत्स्यपुराणात तो विष्णू होतो. भागवताच्या आठव्या स्कंधात नायकच बदलतो. कृतमाला नदीच्या काठी तर्पण करणारा द्रविडदेशीचा राजा सत्यव्रत तेथे येतो आणि कथेचे प्रयोजन वेदांच्या रक्षणाशी जोडले जाते. एकाच परंपरेत, एकाच भाषेत कथेचे हाड तेच राहिले आणि प्राण मात्र बदलत गेला. पुराकथांच्या तौलनिक अभ्यासात हा धडा फार उपयोगी पडतो. पण तो बराच काळ दुर्लक्षित राहिला.

दुर्लक्ष होण्याचे कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्साहात आहे. ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये बायबलविषयक पुरातत्त्वाच्या संस्थेपुढे जॉर्ज स्मिथ याने एक निबंध वाचला. नोटांच्या छपाईसाठी ठसे कोरण्याचे काम शिकलेला हा तरुण स्वतःच्या हिमतीवर कीलाक्षर लिपी शिकून ब्रिटिश म्युझियममध्ये रुजू झाला होता. निनेव्ह येथील असुरबानिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातील मातीच्या इष्टिकांवर त्याला पुराची, नावेची आणि जमीन शोधण्यासाठी सोडलेल्या पक्ष्यांची हकीकत सापडली होती. सभेला पंतप्रधान ग्लॅडस्टन उपस्थित होते. नोआची गोष्ट बायबलबाहेर, असीरियाच्या मातीत मिळाली, या वार्तेने इंग्लंड हादरले. 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्राने एक हजार गिनी देऊन स्मिथला निनेव्हला धाडले. १८७६ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तिसऱ्या मोहिमेवरून परतताना सीरियात त्याचा अंत झाला. त्याने वाचलेली हकीकत म्हणजे गिल्गामेश महाकाव्याची अकरावी इष्टिका होय.

यानंतर दोन प्रश्नांनी अभ्यासकांना झपाटले. पूर खरोखर केव्हा आला, हा एक. आणि कोणी कोणाची कथा उचलली, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या मागे लागून लिओनार्ड वुली याने १९२९ साली उर येथील उत्खननात लागलेला गाळाचा जाड थर हाच तो महापूर, असे जाहीर केले. पुढे किश, शुरुप्पक अशा इतर नगरांतही गाळाचे थर मिळाले. पण त्यांचे काळ एकमेकांशी जुळेनात. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांना पूर वारंवार येत होते, एवढेच त्यातून सिद्ध झाले. दुसऱ्या प्रश्नाला अंशतः उत्तर मिळाले. नोआची कथा आणि मेसोपोटेमियाची कथा यांत पक्षी सोडण्यापासून पर्वतावरील यज्ञापर्यंत तपशिलांचा क्रम इतका जुळतो की त्यांचे नाते नाकारता येत नाही. मनूच्या कथेत मात्र पक्षी नाहीत, पशूंच्या जोड्या नाहीत, नावेची मापेही नाहीत. तिचा माग मेसोपोटेमियापर्यंत नेण्यास पुरावा तोकडा पडतो. जेम्स फ्रेझर याने १९१८ साली जगभरच्या प्रलयकथा एकत्र मांडल्या, तेव्हा त्यांचे साम्य डोळ्यांत भरले; परंतु संग्रहात शेजारी ठेवलेल्या कथा अर्थानेही शेजारी असतात, असे नाही.

म्हणून तिसरा प्रश्न विचारणे भाग आहे. जग कशासाठी बुडाले, आणि वाचलेल्या माणसाने सर्वांत आधी काय केले?

बॅबिलोनियातील 'अत्रहसिस' या काव्याची इ. स. पू. सतराव्या शतकातील प्रत उपलब्ध आहे. ते गिल्गामेशमधील प्रलयकथेचे मूळ मानले जाते. त्यात आरंभी कालवे खणण्याचे कष्ट कनिष्ठ देवांनाच करावे लागत असतात. ते बंड करतात, तेव्हा त्यांच्या वाट्याचे श्रम करण्यासाठी माती आणि एका वधलेल्या देवाचे रक्त यांपासून माणूस घडवला जातो. माणसे वाढतात, त्यांचा गलबला वाढतो आणि एन्लिल देवाची झोप उडते. रोगराई, अवर्षण आणि दुष्काळ यांनी भागत नाही, तेव्हा तो पूर धाडतो. येथे अपराध आहे तो केवळ गजबजून जगण्याचा. पण माणसे बुडताच देवांचा नैवेद्य थांबतो आणि देव भुकेने व तहानेने व्याकूळ होतात. श्रमिकांचा संहार केल्यावर आपण त्यांच्यावाचून जगू शकत नाही, हे धन्याला कळते. वाचलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती यज्ञाची, आणि भुकेले देव त्याच्याभोवती माश्यांसारखे घोंगावतात. या काव्यात मातृदेवता बुडालेल्या लेकरांसाठी आक्रोश करते, तर गिल्गामेशमध्ये स्वतः उत्नपिश्तिम झरोका उघडून सारे निःशब्द झालेले पाहतो आणि रडतो.

नोआच्या कथेत हा गलबला दुष्कर्म बनतो. ईश्वर एकच असल्यामुळे संहारही त्याचाच आणि करुणाही त्याचीच. यज्ञानंतर तो पुन्हा असे न करण्याचा करार करतो आणि ढगांत धनुष्य ठेवतो. ज्या समाजाने इ. स. पू. ५८६ मध्ये आपले मंदिर उद्ध्वस्त होताना पाहिले आणि बॅबिलोनच्या वनवासात दिवस काढले, त्याने असे वचन जिवापाड जपावे, हे स्वाभाविक होते. ग्रीकांचा ड्यूकॅलियन आणि त्याची पत्नी पिऱ्हा खांद्यावरून मागे दगड फेकतात आणि दगडांची माणसे होतात. ग्रीक भाषेत दगड आणि लोक या शब्दांच्या उच्चारातील जवळीक कथेने हेरली आहे.

चीनच्या कथेत तर पूर ही शिक्षाच नाही. तेथे नाव नाही, एकटा तारलेला पुरुष नाही. गुन बंधारे घालून पाणी अडवू पाहतो आणि अपयशी ठरतो. त्याचा मुलगा यू पाण्याला वाटा खणून देतो आणि त्याला समुद्राकडे नेतो. या कामात आठ वर्षे तो घराबाहेर होता आणि तीनदा दारावरून जाऊनही आत गेला नाही, असे मेन्शियसने नोंदवले आहे. पीत नदीवर इ. स. पू. १९२० च्या सुमारास येऊन गेलेल्या एका प्रचंड पुराच्या खुणा सापडल्याचे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले आणि त्यावर वादही झाले. तो पूर यूचा होता की नाही, यापेक्षा एका संस्कृतीने प्रलयातून नदीव्यवस्था आणि राज्यसंस्था यांची कथा रचली, ही गोष्ट अधिक बोलकी आहे.

ग्वातेमालातील किचे मायांच्या 'पोपोल वुह'मध्ये लाकडी माणसांचा नाश पुराने होतो. पण त्याआधी त्यांच्याच घरातली भांडी, जाती आणि कुत्री त्यांच्यावर उलटतात. आम्हांला जाळले, दळले, मारले, याचा हिशेब ती मागतात. इजिप्तमध्ये हीच कल्पना पार उलटते. नाईलचा पूर तेथे अन्नदाता. त्यामुळे संहार करते ती देवी, आणि शेतांवर ओतलेली लाल रंगाची सात हजार घागरी बिअर रक्त समजून पिऊन ती झिंगते, तेव्हा माणसे वाचतात. तेथे शेतभर पसरलेला द्रव मारत नाही, तारतो.

मध्य भारतातील भिल्लांची एक कथा या थोर ग्रंथांच्या पंक्तीत सहसा बसवली जात नाही. तिच्यात नदीवर कपडे धुणारा एक माणूस माशांना रोज खाऊ घालतो. एक मासा त्याला येणाऱ्या पुराची सूचना देतो. तो आपली बहीण आणि एक कोंबडा घेऊन पेटीत बसतो. मनू आणि हा धोबी यांच्यात ग्रंथांचे आणि सामाजिक प्रतिष्ठेचे केवढे अंतर! तरीही दोन्ही कथांत तारण येते ते रोजच्या धुण्याच्या पाण्यातून, आणि तारला जातो तो दुबळ्या जीवाची हाक ऐकणारा. मनूची कथा याहून अधिक काही सांगत नाही. अवतार, वेद, सप्तर्षी ही पुढच्या काळाने चढवलेली लेणी आहेत.

प्रलयकथा एका पुराची साक्ष देत नाहीत, तशा त्या मानवी मनाच्या एकाच साच्याचीही देत नाहीत. प्रत्येक समाज जग बुडवून पाहतो आणि पुन्हा आरंभ करायचा झाल्यास काय हाती धरावे, याचे उत्तर शोधतो: कोणी यज्ञ, कोणी वचन, कोणी दगड, कोणी कुदळ. या सर्व कथा वाचलेल्यांच्या वंशजांनी सांगितल्या आहेत. बुडालेल्यांची नावे त्यांत नाहीत. म्हणूनच झरोक्याशी बसून रडणारा उत्नपिश्तिम अन्य नायकांहून वेगळा वाटतो. जॉर्ज स्मिथने त्या इष्टिकेत बायबलचा पुरावा वाचला. तिच्यातील त्या अश्रूंचा अर्थ पुराव्याच्या शोधाबाहेर होता आणि तो वाचण्याचे काम साहित्याच्या अभ्यासकाकडे राहते.