कलेची पदवी : किंमत किती आणि कोणासाठी?

दहावी-बारावीचे निकाल लागले की नाशिकच्या वस्त्यांमधून आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. पोराला इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड आहे, बी.एफ.ए.ला घालू का? मुलगी नाट्यशास्त्र शिकते म्हणते, शिकू देऊ का? आणि लगेच पुढे, त्यावर पोट भरेल का?

असा प्रश्न विचारणाऱ्या आईला कलेची जाण नाही, असे म्हणून मोकळे होणाऱ्या पुरोगाम्यांशी आमचे भांडण आहे. ती माऊली अगदी योग्य तेच विचारते. चूक होते ती उत्तर देणाऱ्यांची. ते बी.एफ.ए. झालेल्याला महिन्याला किती मिळतात, एवढेच सांगतात. पण एकाच पदवीची किंमत दोन घरांत सारखी नसते, कारण तिच्यामागे काय उभे आहे त्यावर ती ठरते. नाशिकच्या इतिहासात हे फार स्पष्ट दिसते.

सुरुवात त्रिरश्मी लेण्यांपासून करू. दर रविवारी आपण तिथे वंदनेला जातो, पण दहाव्या लेण्यातला उषवदाताचा शिलालेख किती जणांनी समजून घेतला? इ.स.च्या दुसऱ्या शतकात क्षत्रप नहपानाच्या या जावयाने भिक्खू संघासाठी 3000 कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ती ठेवली कुठे, तर विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा एक दराने, आणि दुसरीकडे 1000, शेकडा पाऊण दराने. व्याजातून भिक्खूंच्या चीवरांचा खर्च भागायचा. म्हणजे हाताने काम करणाऱ्या कारागिरांची पत एवढी होती की राजघराण्यातला माणूस त्यांच्याकडे बँकेसारखे पैसे ठेवत होता. उगाच भारावून जाण्याचे मात्र कारण नाही. दात्यांची नावे दगडात आहेत, तो दगड ज्यांनी कोरला त्यांची त्या लेखात नाहीत.

पुढे जातिव्यवस्थेने कलेचे काम जातीच्या गळ्यात बांधले तेव्हा ही पतही गेली. मातंगाने हलगी वाजवायची ती गावकीचे काम म्हणून. तमाशाच्या फडात नाचणारे, गाणारे, ढोलकी वाजवणारे बहुतेक महार, मांग, कोल्हाटी. कला होती, कसब होते, पण दर ठरवायचा हक्क नव्हता. पसाभर धान्य किंवा दौलतजादा, तीही देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांच्या चळवळीने ही कामे सोडायला सांगितली ती याचसाठी. आजही आपल्या घरात 'नाचगाणे नको, शिकून साहेब हो' असे म्हणतात, त्याच्यामागे ही आठवण आहे. तिला मागासलेपणा म्हणणाऱ्यांनी आधी ती समजून घ्यावी.

याच जिल्ह्यातले दुसरे घर बघा. दादासाहेब फाळके 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. वडील संस्कृत पंडित, मुंबईत कॉलेजात नोकरीला. फाळके 1885 मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि 1890 मध्ये बडोद्याच्या कलाभवनात. मग फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना काढला. भागीदाराशी बिनसले, धंदा सुटला. तरी सिनेमाचे तंत्र शिकायला लंडनला गेले, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. माणूस जिद्दी होता, यात शंकाच नाही. पण पडून पुन्हा उभे राहायची सोय त्यांच्याकडे होती. गहाण टाकायला विमा होता, दार उघडणारी ओळख होती. एवढे असूनही 1944 मध्ये नाशिकमध्येच ते हलाखीत गेले. सगळे पाठीशी असणाऱ्याची ही गत, तर एकदाच डाव लावू शकणाऱ्या घराने किती सांभाळून पाऊल टाकावे?

फाळके शिकले ते कलाभवन सयाजीराव महाराजांच्या संस्थानाचे. ज्या 1913 साली त्यांचा चित्रपट आला, त्याच साली त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले, तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड. एकाच खजिन्यातून चित्रकलाही शिकवली गेली आणि अर्थशास्त्रही. शिकण्याचा काळ कमाईविना काढायला कोणाचा तरी पैसा लागतो. वरच्या जातींना तो घरातून मिळतो, आपल्याला तो सार्वजनिक तिजोरीतूनच मागावा लागतो. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते.

आता सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. जन्म 1922. शाळा नाही, मुंबईत मजुरी करताना तरुणपणी अक्षरओळख झाली. 1943 पासून गीते लिहिली आणि गावोगाव पायपीट करत ती गायली. त्यांच्या आधी याच जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला होता. आपला एक जलसा दहा सभांच्या तोडीचा, असे बाबासाहेब मानत, हे आपण भाषणांत नेहमी सांगतो. पण त्या जलशातल्या माणसाने संध्याकाळी काय खाल्ले, हे कोणी सांगत नाही. वामनदादांच्या गीतांवर पीएच.डी. झाल्या. त्या पदवीवर प्राध्यापकीचा पगार मिळू शकतो. ज्याने गीते रचली त्याला मिळाले मानधनाचे पाकीट आणि शाल. अपमान कोणाचाच करायचा नाही, पण हिशेब असा आहे. लोककलावंतांसाठी सरकारची मानधन योजना आहे. 2024 पासून तिचे महिना 5000 रुपये झाले, तेही वयाची पन्नाशी गाठल्यावर आणि उत्पन्नाच्या अटीत बसल्यास. आता मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत हीच लोककला शिकवली जाते. कला आपली आणि प्रमाणपत्र दुसऱ्याचे, असे व्हायचे नसेल तर त्या वर्गात आपली मुले बसली पाहिजेत.

म्हणून पदवी घेऊच नका, असे आम्ही म्हणत नाही. पदवीशिवायचा कलावंत काय भोगतो ते वामनदादांनी भोगले. पण पूर्वी पगाराची एक वाट होती, ड्रॉइंग मास्तरची. आमच्या माहितीतल्या कित्येक घरांतला पहिला पगारदार तोच. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याने सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षक धरला तो अंशकालीन निदेशक म्हणून, आणि तोही शंभराहून जास्त मुले असलेल्या शाळेत. पदवीची किंमत बाजाराने जेवढी पाडली, तेवढीच या एका शब्दाने पाडली. तरुण कार्यकर्त्यांनो, पुतळ्यासाठी निवेदन देता तसे जिल्हा परिषदेत पूर्णवेळ कलाशिक्षकासाठीही द्या.

आणि प्रवेश घेताना एवढे पाहा. कॉलेज आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का, आणि महाडीबीटीवर शिष्यवृत्तीच्या यादीत आहे का? अ‍ॅनिमेशन, अभिनय, डिझाइन अशा पाट्या लावून लाखाची फी घेणाऱ्या अनेक खासगी अकादम्यांचे सर्टिफिकेट या यादीत नसते. तिथे शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि मग घर गहाण पडते. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिपचा अर्ज. रंग, कॅनव्हास, कॅमेरा आणि मुंबई-पुण्यातली खोली हा खर्च फीमध्ये धरलेला नसतो, तो आधी कागदावर मांडा. अर्जाला जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. तहसील कचेरीतली रांग जूनमध्ये वाढते, तेव्हा निकालाची वाट न पाहता ते आत्ताच काढून ठेवा.