खास व्यवसायासाठी डिजिटल टेम्प्लेट कसं बनवायचं आणि विकायचं?

टेम्प्लेट म्हणजे नोशन किंवा गुगल शीट्समध्ये आधीच तयार करून ठेवलेली चौकट. तक्ते, रकाने, हिशोबाची सूत्रं सगळं बसवलेलं असतं. घेणाऱ्याने ते आपल्या अकाउंटमध्ये कॉपी करायचं आणि माहिती भरायला लागायचं. नोशन २०१६ मध्ये आलं. २०२० मध्ये एकट्याने वापरणाऱ्यांसाठी फुकट प्लॅनवरची मजकुराची मर्यादा काढली गेली, आणि मग टेम्प्लेट विकणाऱ्यांची जगभर गर्दी झाली. अभ्यासाचं वेळापत्रक, सवयींची नोंद, महिन्याचं बजेट हे आता फुकटात ढिगाने मिळतं. पैसे मोजून कोणी घेईल असं काही बनवायचं असेल तर एकच व्यवसाय धरावा लागतो आणि तो आतून माहीत असावा लागतो.

मी सावंतवाडीत राहते. माझं पहिलं टेम्प्लेट देवगडच्या मामासाठी होतं. मामाची हापूसची बाग आहे आणि हिशोब तीन वह्यांत, उरलेला डोक्यात. मी आठवडाभर बसून नोशनमध्ये झकास पान बनवलं. वर आंब्याचा फोटो, खाली 'आजची कामं', 'हंगामाची उद्दिष्टं', रंगीत चौकोन. मामाने फोन हातात घेतला, दोनदा वरखाली केलं आणि म्हणाला, "सगळा बरा आसा गो, पण पट्टी खंय लिवची?"

पट्टी लिहायला जागाच नव्हती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बागायतदार पेट्या वाशीला किंवा दुसऱ्या बाजारात दलालाकडे पाठवतो. माल विकल्यावर हमाली, गाडीभाडं वगैरे कापून दलाल हिशोबाचा कागद पाठवतो, ती पट्टी. अनेकांनी हंगामाआधी उचल घेतलेली असते, तीही त्यातूनच वळती होते. म्हणजे पेटी गेली त्या दिवशी किती पैसे मिळणार हे कळत नाही. एप्रिलमध्ये रोज गाडी सुटत असते, पट्ट्या मागून येत राहतात आणि एखादी रवानगी चक्क विसरली जाते. मामाचीही विसरली होती. जुनी वही चाळताना एका गाडीसमोर काहीच लिहिलेलं सापडलं नाही, आणि तोपर्यंत विचारायची वेळ निघून गेली होती.

मग मी सगळं पुसून नव्याने केलं. आता मुख्य तक्ते दोनच. पहिला 'रवानगी': तारीख, गाडी, दलाल, पेट्या, प्रत. फळ मोठं असेल तर पेटीत डझन कमी बसतात, लहान असेल तर जास्त, म्हणून डझनांचा रकाना वेगळा. दुसरा तक्ता 'पट्टी': आलेली रक्कम, कपात, उचलीतून वळते झालेले पैसे. नोशनमध्ये दोन तक्ते एकमेकांना जोडायची सोय आहे, तिला 'रिलेशन' म्हणतात. त्यामुळे प्रत्येक पट्टी नेमक्या रवानगीला चिकटते. मग फिल्टर लावून एक वेगळं दृश्य बनवायचं: पट्टी न आलेल्या गाड्या. माझ्या मते अख्ख्या टेम्प्लेटची किंमत या एका यादीत आहे. फवारणी, राखण आणि मजुरीचा खर्च तिसऱ्या तक्त्यात टाकला, पण त्यात काही विशेष नाही, तो कोणीही बनवेल.

नोशन की शीट्स? नोशन दिसायला छान, पण बागेत रेंज नसते. २०२५ पासून नोशनमध्येही पान ऑफलाइन ठेवता येतं, तरी मामाच्या पिढीला शीट्स जवळची वाटते, कारण ती वहीसारखी दिसते. शेवटी मी शीट्सचीही आवृत्ती केली. तिथे 'कंडिशनल फॉरमॅटिंग' वापरलं: रवानगीची तारीख भरली आहे, पट्टीची रक्कम रिकामी आहे आणि १५ दिवस उलटलेत, तर ओळ लाल होते. पहिला रकाना 'फ्रीझ' करून ठेवा, नाहीतर फोनवर बाजूला सरकवलं की कोणत्या गाडीची ओळ आहे तेच दिसत नाही. बनवताना कॉम्प्युटर घ्या, तपासताना मात्र फोनच, तोही साधा.

असेच बारकावे दुसऱ्या धंद्यांतही सापडतात. मालवण-तारकर्लीच्या होमस्टेवाल्याकडे परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते, त्याची आठवण टेम्प्लेटमध्ये हवी. पाहुण्यांच्या आधारचे फोटो ठेवायला जागा देऊ नका, पान चुकून उघडं राहिलं तर सगळंच बाहेर. आणि दशावतारी कंपनीच्या मॅनेजरला 'दरवर्षी त्याच तारखेला' ही कॅलेंडरची सोय काही उपयोगाची नाही. सोनुर्लीची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास, कुणकेश्वरची महाशिवरात्रीला, आंगणेवाडीची तारीख तर देवीच्या कौलाने ठरते. तिथे तिथीचा रकाना आधी, इंग्रजी तारीख नंतर.

कॉपी कशी द्यायची?

इथे मी मोठी चूक केली. शीट्सच्या पहिल्या दोन गिऱ्हाइकांना मी माझी एडिटची लिंकच पाठवली. दोघंही एकाच फाइलमध्ये लिहायला लागले आणि एका बागायतदाराला दुसऱ्याची उचल दिसली. शेजारच्या गावातले दोघे! फोन करून माफी मागितली, पैसे परत दिले, पण त्यातला एक अजून माझ्याशी नीट बोलत नाही. योग्य पद्धत अशी: फाइल 'व्ह्यूअर'साठी शेअर करा आणि लिंकच्या शेवटी जिथे 'एडिट' असतं तिथून पुढचं काढून इंग्रजीत 'कॉपी' लिहा. समोरच्याला थेट स्वतःची प्रत करायचं बटण दिसतं.

नोशनमध्ये शेअरमधल्या 'पब्लिश'मध्ये जाऊन 'डुप्लिकेट अ‍ॅज टेम्प्लेट' सुरू करायचं. दोन गोष्टी बघा. पान पब्लिश केलं की त्याच्या आतली पानंही बाहेर दिसतात, म्हणून मामाचे खरे आकडे आधी काढा आणि नमुन्याचे भरा. दुसरं, जोडलेले सगळे तक्ते त्याच मुख्य पानाच्या आत असू द्या. एखादा बाहेर राहिला तर कॉपीत तो येत नाही आणि जोडणी तुटते. दुसऱ्या ईमेलने अकाउंट काढून स्वतःच एकदा कॉपी करून बघा.

विकायचं कुठे?

गमरोडसारख्या साइटवर तुमच्या लिंकवरून झालेल्या विक्रीवर १० टक्के आणि वर ५० सेंट जातात. ५० सेंट म्हणजे चाळीसपेक्षा जास्त रुपये. ₹१९९ च्या टेम्प्लेटला हे परवडत नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी ते ठीक आहे. आपल्या बागायतदाराला यूपीआयचा क्यूआर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक एवढं पुरतं. मी ₹२९९ घेते आणि त्यात फोनवर अर्धा तास समजावून सांगणं धरलेलं आहे, खरं तर लोक त्याचेच पैसे देतात. सेवांसाठी वर्षाला २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, तरी मिळालेल्या पैशांची नोंद ठेवा आणि सीएला एकदा विचारा.

लिंक पुढे पाठवली जाणारच, ती अडवायचा पक्का उपाय नाही. मी घेणाऱ्यांची यादी ठेवते, कारण मूळ फाइलमध्ये सुधारणा केली तरी त्यांच्या प्रतीत ती आपोआप जात नाही, नवी लिंक पाठवावी लागते.

आंब्याचं टेम्प्लेट विकायची वेळ पाऊस संपल्यावरची, ऑक्टोबर-नोव्हेंबरची. एप्रिलमध्ये बागायतदार फोन उचलत नाही.